कुळगावचे पाणी आणि आपले अंगण



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "उन्हाळ्यात घराची करावयाची सुधारणा" या विषयावर काही लिहावे, असे ठरले. रंग कोणता द्यावा, पडदे कसले लावावेत, कुंड्या कोठे मांडाव्यात, हे आपण सगळ्याजणी जाणतोच. परंतु घराला जी सुधारणा वर्षानुवर्षे पुरते आणि जिच्यामुळे घराची किंमत खरोखर वाढते, ती रंगाची नव्हे, पाण्याची होय. आज कुळगावात घर पाहावयास कोणी आले, तर दिवाणखाना पाहण्याआधी तो विचारतो, "पाणी किती वेळ येते?" हा प्रश्न आजचा नाही, आपल्या या मुलखाला तो दोन हजार वर्षांपासून पडत आलेला आहे. वेळोवेळी लोकांनी त्याला काय उत्तर दिले, हे थोडक्यात सांगावे आणि त्यातून आपल्या अंगणापुरता काही बोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्याकडे पाऊस कमी नाही. ज्येष्ठात सुरू झालेला पाऊस आश्विनापर्यंत चालतो आणि चांगल्या वर्षी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे सगळे पाणी जागच्या जागी थांबले, तर आठ फूट उंच साचेल, माणूस बुडून जाईल. पण ते थांबत नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, वर मुरूम आणि मातीचा पातळ थर. मातीने प्यावे तेवढे ती पिते, बाकीचे ओढ्याने उल्हास नदीत आणि नदीने वसईच्या खाडीला जाते. चार महिने पाण्याला वाट कोठून काढून द्यावी ही चिंता, आणि फाल्गुनापासून पुढे पाणी कोठून आणावे ही चिंता. "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास" ही म्हण निराळ्या अर्थाची खरी, पण उन्हाळ्यात आटलेले ओढे पाहिले की ती आपल्या नदीसाठीच केली असावी असे वाटते.

अशा मुलखात ज्यांनी पहिल्यांदा वस्ती केली, त्यांनी ही गोष्ट बरोबर ओळखली होती. आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यातून जुन्नरकडे जाणारा नाणेघाट सातवाहन राजांच्या काळातला. तेथील लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे, तो इतिहासाच्या पुस्तकांत वाचावयास मिळतो. त्या लेखाइतकीच मोलाची वस्तू म्हणजे घाटातली खडकात खोदलेली पाण्याची टाकी. घाट चढून दमलेल्या वाटसरूला पाणी मिळावे म्हणून कोणी तरी छिन्नी घेऊन काळा दगड पोखरला. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत तर बहुतेक लेण्यांच्या दाराशी असे टाके आहे. डोंगराच्या अंगावर बारीक पन्हळी कोरून पावसाचे पाणी त्या टाक्यांत उतरविले आहे. तेथल्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटले आहे आणि पोढी खोदून दिली हे मोठे दान म्हणून नोंदविले आहे. राहावयाची खोली आणि तिच्या दाराशी तिचे पाणी, ही त्यांची घराची कल्पना. घर आधी आणि पाणी मागाहून, असा विचार त्यांनी केला नाही.

पुढे शिलाहारांच्या काळी अंबरनाथचे शिवमंदिर झाले. त्याच्या शिलालेखातले शक ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. हे मंदिरही वालधुनी नदीच्या काठी बांधले. देवाला सुद्धा पाण्याशेजारी बसविण्याची आपली रीत. नऊशे साठ वर्षांहून अधिक काळ मंदिर उभे आहे, नदीची मात्र आज काय दशा झाली आहे ती आपण येता-जाता पाहतोच. दगड टिकला आणि पाणी बिघडले, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बदलापूर हे नाव येथे घोडी बदलली जात म्हणून पडले, अशी आख्यायिका सांगतात. तिच्यात तथ्य असो वा नसो, एक गोष्ट उघड आहे : घोडी बदलावयाची तर गवत आणि पाणी हवेच. बदलापूर गाव नदीच्या बाजूला वसले. आपले कुळगाव रेल्वेच्या पूर्वेला, नदीपासून दूर. म्हणून आपल्याकडे घरची आणि आळीची विहीर हाच आधार होता.

माझ्या सासूबाई जुन्या घरांचे वर्णन करीत, ते ऐकले म्हणजे ते घर उन्हाळ्यासाठी आणि पाण्यासाठीच बांधलेले असे, हे ध्यानात येते. कारवीच्या कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, वर नळीची कौले, पुढे ओटी, मागे पडवी, त्यामागे परसू. उन्हे थेट भिंतीवर येऊ नयेत म्हणून छप्पर पुढे ओढलेले. चैत्र-वैशाखात घरोघर शाकारणी चाले. फुटकी कौले काढावयाची, वासे पाहावयाचे, पन्हळी साफ करावयाच्या. त्याच दिवसांत विहिरीचा गाळ काढावयाचा, कारण पाणी तळाला गेलेले असे आणि माणसाला आत उतरता येई. काढलेला गाळ वाया जात नसे, तो झाडांच्या आळ्यांत पडे. याच सुमारास आगोटीची भरणी होई : लाकूडफाटा, मीठ, मसाला, सुकी मासळी, पापड. पावसापूर्वी घराने जे जे करावयाचे त्यात पाण्याची व्यवस्था पहिली असे.

परसातली रचनाही पाहण्यासारखी होती. न्हाणीचे पाणी गटारात जात नसे, ते केळीच्या खुंटांकडे आणि अळवाकडे जाई. भांडी घासलेले पाणी शेवग्याला किंवा नारळाला. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला नाही तर जास्वंदीला. एकच घागर दोनदा कामाला येई आणि त्यासाठी कोणाला पुस्तक वाचावे लागले नव्हते. ज्या बाईला ती घागर स्वतः डोक्यावर आणावी लागते, तिला पाणी कसे वापरावे हे शिकवावे लागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुने ते सगळे सोने, असे माझे मुळीच म्हणणे नाही. रहाट ओढून हाताला घट्टे पडत. विहिरीच्या खेपांमध्ये बाईचा अर्धा दिवस जाई, मुलींची शाळा त्यापायी सुटे. आणि त्याहून वाईट म्हणजे विहीर सगळ्यांची नसे. ज्यांना अस्पृश्य म्हटले गेले, त्या आयाबहिणी कडेला उभ्या राहून कोणी वरून पाणी घालील याची वाट पाहत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांना खुला केला. घरच्या अंगणात केलेली याहून मोठी सुधारणा मला तरी ठाऊक नाही. तिला ना चुना लागला ना विटा, लागले ते धैर्य. त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. जे पाणी सगळ्यांना मिळत नाही, ते गावाची शोभा नव्हे, हे या दोन प्रसंगांनी महाराष्ट्राला शिकविले.

आता नव्या काळाकडे वळू. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ साली आली, कल्याणला १८५४ साली, आणि मे १८५६ मध्ये ती आपल्या गावावरून बोरघाटाच्या पायथ्याकडे गेली. आगगाडीने माणसे आणली, पण तीही तहानलेलीच होती. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणी लागते. म्हणून जी. आय. पी. रेल्वेने अंबरनाथजवळ काकोळे येथे, वालधुनीच्या उगमाकडे, बांध घालून तलाव केला. त्याला लोक आजही जी. आय. पी. टँक म्हणतात. वाफेची इंजिने गेली, तलाव राहिला. पाण्याच्या कामात घातलेला पैसा कसा टिकतो, याचे हे घरच्या जवळचे उदाहरण.

१९२२ साली टाटांचे भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. मावळातल्या आंध्रा खोऱ्यात धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली आणले आणि त्यावर वीज केली. खरे पाहता ते पाणी पूर्वेला भीमेकडे जाणारे. वीज करून झाल्यावर ते कर्जतच्या बाजूला पेज नदीत आणि तेथून उल्हासात येते. भर वैशाखात उल्हास नदी वाहताना दिसते ती या पाण्याच्या जोरावर. आपल्या नळाला जे पाणी येते त्याचा उगम असा घाटापलीकडे आहे, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल.

देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, आणि कल्याणच्या लष्करी छावणीत हजारो सिंधी कुटुंबे येऊन उतरली. ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधू नदीच्या काठचे लोक उल्हास नदीच्या नावाच्या गावात राहू लागले. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, अंबरनाथ-डोंबिवलीकडे कारखाने वाढले, त्यांना आणि वाढत्या गावांना पाणी हवे म्हणून बारवी नदीवर धरण झाले. १९७२ साली ते पुरे झाले. त्याच साली महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ होता, दगड फोडणाऱ्या बायकांची आठवण आमच्या आईच्या पिढीला पक्की होती.

बारवीची उंची नंतर टप्प्याटप्प्याने वाढविली गेली. शेवटच्या टप्प्याचे पाणी २०१९ साली अडविले गेले आणि आज तेथे सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावते. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीपासून मीरा-भाईंदरपर्यंत लाखो घरांना आणि कारखान्यांना त्याचा आधार आहे. पण भगिनींनो, त्या वाढलेल्या पाण्याखाली मुरबाड तालुक्यातली गावे आणि पाडे गेले. तेथेही ओट्या होत्या, तुळशीवृंदावने होती, सारवलेली अंगणे होती. तेथल्या बायकांनीही चैत्रात घरे शाकारली असतील. आपल्या तालुक्याच्या पलीकडे शहापुरात भातसा, तानसा, मोडकसागर अशी मोठमोठी धरणे आहेत, त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळा आला की टँकरची वाट पाहावी लागते. "धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण तेथे रोज जगली जाते. नळ सोडून अंगण धुताना हे मला आठवते. ते पाणी कोणाच्या तरी अंगणावरून आपल्या अंगणात आलेले असते.

नळ आला ही बायकांच्या दृष्टीने केवढी सुटका होती, हेही विसरता कामा नये. ती सहज मिळाली नाही. मुंबईत गोरेगावला मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी एवढे लढे दिले की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. मोर्च्यात पुढे चालल्या त्या हंडा-कळशी घेतलेल्या गृहिणीच. पाण्याचा इतिहास राजांच्या आणि इंजिनियरांच्या नावे लिहिला जातो, पण पाणी भरले ते बायकांनी.

नळ आल्यावर मात्र एक विपरीत गोष्ट घडली. पाणी भिंतीतून येऊ लागले, म्हणून जमिनीतल्या पाण्याकडे कोणी पाहीनासे झाले. १९८३ साली आपले गाव कल्याण महापालिकेत गेले आणि १९९२ साली वेगळे होऊन कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत आले. मुंबईत घर परवडेनासे झालेली कुटुंबे इकडे आली. २००१ च्या जनगणनेत आपली वस्ती ९७,९४८ होती, २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. त्यानंतरची वाढ तर आपण डोळ्यांनी पाहतो आहोत. वाड्या जाऊन इमारती आल्या. यात दोष कोणाचा नाही, माणसाला छप्पर हवेच. पण इमारतीभोवती जी चार हात जमीन उरली तिच्यावरही आपण फरशी, काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसविले. चिखल नको, केर नको, म्हणून आपणच हौसेने बसविले. माती झाकली गेली आणि पावसाचे पाणी जमिनीत शिरण्याची वाट बंद झाली.

त्याचे फळ दोन्ही ऋतूंत भोगावे लागते. २६ जुलै २००५ चा पूर आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर उतारूंना नावांतून बाहेर काढावे लागले. एवढा मोठा पूर नदीचा असतो, अंगणातल्या फरशीने तो येत नाही आणि अंगणातल्या खड्ड्याने तो थांबणार नाही, हे मला कळते. पण गल्लीत गुडघाभर तुंबणारे पाणी हे पुष्कळसे आपल्याच गच्च्यांचे आणि आपल्याच फरशांचे असते. आणि तेच गाव एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर गेला की टँकरवाल्याला फोन लावीत असते. जुलैत जे नको म्हणून लोटून दिले, तेच एप्रिलमध्ये पैसे देऊन विकत घेतो. संसारात कोणी सुगरण असा व्यवहार करील काय?

हा अनुभव आपल्या एकट्यांचा नाही. अमेरिकेत डेन्व्हर नावाचे कोरड्या हवेचे शहर आहे. तेथे घरापुढच्या हिरवळीला पाणी घालता घालता पाणी पुरेना, तेव्हा १९८१ साली तेथील पाणीखात्याच्या पुढाकाराने थोड्या पाण्याच्या बागेची पद्धत सुरू झाली. तिला त्यांनी 'झेरिस्केप' असे नाव दिले. त्या मुलखात जी झाडे आपोआप वाढतात ती लावावी, आळ्यांवर पालापाचोळा पसरावा, हिरवळ हवीच असेल तर थोडी ठेवावी, एवढेच तिचे सार. आपल्या सासवांच्या परसात यातले काय नव्हते? आपल्या देशात तमिळनाडूने २००३ साली प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी साठविणे किंवा मुरविणे सक्तीचे केले. पुढच्या काही वर्षांत चेन्नईतल्या विहिरींचे पाणी वर आले. पण नंतर खड्डे गाळाने भरले, देखभाल ढिली झाली, वस्ती वाढत गेली, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच शहराचे मोठे तलाव कोरडे पडले. म्हणजे नियम करून भागत नाही, दरवर्षी शाकारणी करावी तशी त्याची निगा करावी लागते. आपल्या महाराष्ट्रातही डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या बांधकामाच्या नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामास पावसाच्या पाण्याची अशी सोय करावी लागते. नव्या इमारतीत ती असते. ती चालू स्थितीत आहे की झाकणाखाली चिखलाने भरली आहे, हे आपण पाहिले पाहिजे.

आता थोडा हिशेब मांडते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपली गच्ची ५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर धरा. अडीच हजार मिलिमीटर पावसात तिच्यावर एक लाख पंधरा हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा उडाला, वाहून गेला असे धरले, तरी ब्याण्णव हजार लिटर राहते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते असे मानतात. पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर. भागाकार करून पाहा : एका लहानशा गच्चीवर एका कुटुंबाचे साडेचार महिन्यांचे पाणी दरवर्षी पडते. सगळे साठविणे शक्य नाही, पण जमिनीत मुरविणे पुष्कळ अंशी शक्य आहे. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? आड भरावयाची वेळ पावसाळा, आणि त्याची तयारी करावयाची वेळ उन्हाळा.

ही तयारी कशी करावी, ते क्रमाने सांगते.

पहिले काम गच्चीचे. फाल्गुनात भेगा बुजवून घ्याव्यात आणि वर चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढऱ्या रंगावरून ऊन परत फिरते, खालची खोली पुष्कळ निवते आणि पंख्याचा वारा गरम लागत नाही. चुना दरवर्षी द्यावा लागतो, पण तो स्वस्त आहे. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किंवा वाळ्याचा पडदा लावावा.

दुसरे काम पन्हळीचे. गच्चीचे पाणी एका नळीने खाली आणावे. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींचे पाणी धूळ, चुना, पाखरांची घाण घेऊन येते, ते सोडून द्यावे. त्यानंतरचे पाणी मोठे दगड, खडी आणि वाळू यांच्या थरांतून गाळून विहिरीत, कूपनलिकेजवळ किंवा शोषखड्ड्यात सोडावे. खड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी दूर असावा आणि संडासाच्या टाकीपासून त्याहून दूर. पाणी पिंपात साठविणार असाल तर तोंडाला बारीक जाळी बांधावी, नाही तर डेंग्यूच्या डासांना आपणच घर दिल्यासारखे होईल. थर दर वैशाखात उपसून धुवावेत.

तिसरे काम अंगणाचे. सगळे अंगण फरशीखाली घालू नये. चालावयास दोन हात वाट पुरते, गाडीला चाकांपुरत्या दोन पट्ट्या पुरतात. बाकी माती मोकळी ठेवावी, तिला झाडांकडे हलका उतार द्यावा. हिरवळीच्या नादी लागू नये. उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळ रोज पाच लिटरच्या आसपास पाणी मागते, आणि फूल देत नाही की फळ. त्यापेक्षा आपल्या मातीतली झाडे लावावी. या भागाचे खरे झाड जांभूळ, त्याच्या नावाचे गावच आपल्याजवळ आहे. जागा मोठी असेल तर जांभूळ किंवा कडुलिंब, लहान असेल तर शेवगा, कढीपत्ता, अडुळसा, तगर, कण्हेर, सदाफुली, कोरफड. झाड पावसाळ्याच्या आरंभी लावले की मुळे खोल जातात आणि दोन-तीन वर्षांनी ते पाणी मागणे सोडते.

चौथे, झाडाच्या बुंध्याशी वाळलेल्या पानांचा चार बोटे थर ठेवावा. पाने जाळू नयेत. नव्या रोपाजवळ भाजलेले, पण झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडके पाझरते, मुळे आपल्याला हवे तेवढेच पाणी घेतात. ही युक्ती चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात सांगितलेली आहे, आणि माठ फुटका निघाला तरी तो टाकून देत नाही अशा कोणत्याही गृहिणीला ती पटेल. इमारतीत राहणाऱ्या भगिनींनीही भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना आणि कपडे विसळलेले शेवटचे पाणी जिना धुण्यास ठेवले, तर रोज दोन बादल्या वाचतात.

शेवटी आपल्या आळीच्या टोकाच्या विहिरीबद्दल. दगडी बांधणीची ही विहीर किती जुनी, हे कोणाला सांगता येत नाही. पूर्वी बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की या विहिरीला हळदकुंकू वाहावयास जाई. आज तिच्यात प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य आणि केर तरंगतो आहे, आणि गाड्या उभ्या करण्यासाठी ती बुजवावी असा विचार काही शेजाऱ्यांनी बोलून दाखविला आहे. गाड्यांची अडचण खरी आहे, मी ती खोटी म्हणत नाही. पण विहीर बुजविली तर चार गाड्यांची जागा होईल, आणि पुन्हा कधी हवी झाली तर ती खणून मिळणार नाही. "तहान लागल्यावर विहीर खणणे" आपण ऐकले आहे. तहान लागलेली असताना विहीर बुजविणारे मात्र आपण पहिलेच ठरू.

मंडळापुढे माझी सूचना अशी आहे. यंदाच्या वैशाखात, पाणी तळाला असताना, वर्गणी काढून जाणत्या माणसांकडून विहिरीचा गाळ काढून घ्यावा. आपण कोणी आत उतरू नये, तळाशी वाईट हवा असते. वर लोखंडी जाळी बसवावी, कठडा दुरुस्त करावा. शेजारच्या तीन इमारतींच्या गच्च्यांचे पाणी गाळून तिच्यात सोडण्याबद्दल त्या सोसायट्यांशी बोलावे. पाणी तपासून घ्यावे. पिण्यास योग्य नसले तरी झाडांना, जिन्यांना, गाड्या धुण्यास ते चालेल, आणि तेवढा टँकर वाचेल. निर्माल्यासाठी कडेला पेटी ठेवून त्याचे खत करावे. हळदीकुंकवाच्या दिवशी आपण दरवर्षी वाण म्हणून डबे आणि वाट्या वाटतो. एखाद्या वर्षी तो पैसा या कामी लावला तर कोणी सवाष्ण रागावेल असे मला वाटत नाही.

विहिरीवर नावाची पाटी नको. पण एक गोष्ट नक्की असावी, की ते पाणी आळीतल्या प्रत्येकाला घेता येईल, मग ते घर मालकाचे असो, भाडेकऱ्याचे असो, की धुणीभांडी करणाऱ्या बाईचे.

या कामाला साधारण खर्च किती येईल, हे दोन ठिकाणी विचारून मी आकडा काढून ठेवला आहे. पुढच्या बैठकीत तो मांडते. ज्या भगिनींना गाळ काढणारी माणसे ठाऊक असतील त्यांनी पत्ता घेऊन यावे, आणि ज्यांना विहीर बुजवावी असे वाटते त्यांनीही अवश्य यावे. त्यांचे म्हणणे ऐकूनच ठरवू. होळी झाली की दिवस भराभर जातात आणि पहिला पाऊस कोणासाठी थांबत नाही.